पहाटपट्टा : प्रकल्प नोंदी

4 नोव्हेंबर

प्रकल्प ठरला. आमच्या आयटीआयच्या सुइंग टेक्नॉलॉजी ट्रेडच्या मुली यंदा पिशव्या आणि एप्रन शिवणार नाहीत. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरापोरींना अंधारात दिसेल असं काहीतरी शिवायचं. प्राचार्यांनी मान डोलावली. कच्च्या मालाचे पैसे मात्र सध्या आपल्याच खिशातून.

पहाटे पाचला कारखान्याच्या रस्त्याने कुणीही जाऊन बघावं. काळी ट्रॅकपँट, काळा नाहीतर गडद निळा टी-शर्ट, पाठीवर भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीचं नाव. असे वीस-पंचवीस जण दोन-दोनच्या रांगेत डांबरावरून पळत असतात. साइडपट्टी आहे, पण ती खडीने आणि ट्रॉल्यांतून सांडलेल्या उसाने भरलेली. तिच्यावर पाय मुरगळतो म्हणून कुणी उतरत नाही. गाळप हंगाम सुरू झाल्यावर त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, दुधाचे टेम्पो आणि रात्रपाळी सुटलेल्या मोटरसायकली असतात.

"पहाटेच कशाला पळता, उजाडल्यावर पळा," असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आमच्याकडे जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. निम्म्या पोरांना आठला कामावर नाहीतर कॉलेजला पोचायचं असतं, मुलींना त्याआधी घरचं पाणी आणि भाकरी. मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 गुण एका धावेचे : मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. उरलेले 100 मीटर आणि गोळाफेकीत विभागलेले. त्या 20 गुणांसाठी सगळी पहाट अंधारात जाते, आणि ती बदलणं आमच्या हातात नाही.

7 नोव्हेंबर

पुण्याला जाऊन बोहरी आळीतून नमुने आणले. सगळे जण याला रेडियमच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पहिला नमुना ट्रकच्या मागे चिकटवतात ती लाल-पांढरी पट्टी. जबरदस्त चमकते, पण पत्र्यासाठीच केलेली. कपड्यावर लावली की घडीवर तडकते. दुसरा, शिवता येणारी चंदेरी कापडी पट्टी, 50 आणि 25 मिलिमीटर रुंदीत. तिसरा, इस्त्रीने चिकटणारी. चौथा, रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसलं जाळीचं केशरी जॅकेट, दोन दुकानांतून दोन.

तपासायची सोपी रीत मुलींना दाखवली. खोलीत अंधार करायचा, मोबाइलचा टॉर्च कानाच्या वर, डोळ्याच्या अगदी शेजारी धरायचा आणि पट्टीकडे बघायचं. मग तोच टॉर्च हात लांब करून बाजूला धरायचा. खरं रेडियम पहिल्या वेळी पेटल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या वेळी राखाडी होतं. त्यात काचेचे बारीक मणी असतात. आत शिरलेला प्रकाश मण्यात वाकतो, मागच्या आरशासारख्या थरावर आपटतो आणि आला त्याच वाटेने परत जातो. म्हणून ज्याच्या हातात दिवा, त्यालाच ते दिसतं. शेजारी उभ्या माणसाला नाही.

दोन जॅकेटांपैकी एकाची पट्टी दोन्ही वेळा सारखीच दिसली. नुसता चंदेरी प्लास्टिकचा कागद, लग्नातल्या सजावटीचा असतो तसला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही जॅकेटं सारखी दिसत होती आणि किमतीत मोठा फरक नव्हता. हा टॉर्चचा प्रयोग मुलींच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतला.

12 नोव्हेंबर

रंगावरून वर्गात वाद. बहुतेक मुलींचं म्हणणं पोपटी फ्लुरोसंट कापड घेऊ, तेच सगळ्यात उठून दिसतं. दिवसा दिसतं, अगदी खरं. हा रंग न दिसणारे अतिनील किरण घेतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. उजाडताना आणि मावळताना आकाशाच्या उजेडात त्याला भरपूर खाद्य मिळतं, म्हणून त्या वेळी तो कमाल करतो. गाडीच्या हेडलाइटमध्ये ते किरण नावालाच असतात. पाच वाजता पोपटी टी-शर्ट म्हणजे एक फिकट टी-शर्ट, बस.

बोलून पटलं नाही. मग रस्त्यावरच बघायचं ठरलं.

16 नोव्हेंबर

चाचणी. जागा : संस्थेमागचा शेतरस्ता, सरळ, दिवे नाहीत. वेळ रात्री साडेआठनंतर. ट्रेड मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या निदेशकांनी चारचाकी आणि मोटरसायकल आणली. दर दहा मीटरवर फक्कीच्या रेघा मारल्या. गाडी हळू येणार, लाइट डिपरवर. शेजारच्या सीटवरच्या मुलीने दोन वेळा ओरडायचं : काहीतरी दिसलं की "आहे", आणि तो माणूस आहे हे कळलं की "माणूस". कुणी काय घातलंय आणि कुठल्या बाजूला उभं आहे, हे गाडीतल्यांना सांगायचं नाही.

दोन हाका हव्यातच, असा माझा हट्ट होता. ड्रायव्हरला काहीतरी चमकलं एवढ्याने काम होत नाही. रस्त्याकडेला चमकणाऱ्या वस्तू ढीगभर असतात : किलोमीटरचा दगड, पुलाच्या कठड्यावरचं रेडियम, पाण्याची बाटली, कुत्र्याचे डोळे. त्यांच्यासाठी कुणी ब्रेकवर पाय ठेवत नाही.

काळा टी-शर्ट, काळी पँट : दोन्ही हाका जवळजवळ एकदम आल्या, 30 मीटरच्या आसपास. एकदा तर त्याच्याही आत.

पांढरा टी-शर्ट : 50 ते 60 मीटर.

पोपटी : पांढऱ्याइतकाच. गाडीतल्या मुलीने तो पांढराच समजला. वाद मिटला.

चांगल्या पट्टीचं जॅकेट, माणूस स्थिर उभा : "आहे" दीडशे मीटरच्या पलीकडून आलं. "माणूस" यायला मात्र गाडी 90 मीटरवर पोचावी लागली. मधल्या वेळात तिला तो बोर्ड वाटला, मग थांबलेली ट्रॉली वाटली. पळायला सांगितलं तरी फारसा फरक नाही, कारण पळताना छाती फारशी हलत नाही. चौकोन तसाच राहतो, थोडा वरखाली होतो.

शेवटी सहज म्हणून 25 मिलिमीटरच्या पट्टीचे तुकडे सेफ्टी पिनांनी दोन्ही घोट्यांना आणि गुडघ्याखाली लावले. वर काळा टी-शर्ट तसाच. मुलगा पळत सुटला आणि गाडीतून एकच हाक आली, "माणूस!" फक्कीची रेघ 140 ची. मधला "आहे" आलाच नाही. परत केलं, दुसऱ्या मुलीला बसवून केलं, मोटरसायकलवरून केलं. मोटरसायकलच्या दिव्यात अंतर कमी झालं, पण "आहे" आणि "माणूस" यांच्यात फट पडली नाही ती नाहीच.

आता हिशेब. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. रस्ते आखताना इंडियन रोड्स काँग्रेस ड्रायव्हरच्या प्रतिक्रियेला अडीच सेकंद धरते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 42 मीटर गेले. थांबायला एकूण 80 मीटर लागतात असं त्यांचं कोष्टक सांगतं, ताशी 80 ला 120 मीटर. काळ्या कपड्यांतला पोरगा 30 मीटरवर दिसला, तर ड्रायव्हरचा पाय ब्रेकपर्यंत पोचायच्या आत सगळं होऊन जातं. दोष त्याला द्या नाहीतर देऊ नका.

18 नोव्हेंबर

घोट्याचं गणित नवं नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये अंधारात माणसांच्या सांध्यांवर फक्त प्रकाशाचे ठिपके ठेवून चित्रण केलं होतं. ठिपके स्थिर असताना बघणाऱ्याला काही बोध होत नाही. माणूस चालायला लागला की क्षणात कळतं, हा माणूस आहे. पुढे ऑस्ट्रेलियात जोआन वुड आणि अमेरिकेत रिचर्ड टिरेल यांनी हेच रस्त्यावर आणलं. तेवढंच रेडियम जॅकेटवर न लावता घोटे, गुडघे, मनगटं, कोपर अशा हलत्या जागी वाटून लावलं, तर ड्रायव्हर माणूस कितीतरी लांबून ओळखतो.

आणखी एक कारण आपल्या कामाचं. डिपरचा झोत खाली रस्त्यावर टाकलेला असतो. लांबच्या माणसाचे पाय त्या झोतात आधी येतात, छाती नंतर.

ठरलं. जॅकेट नाही. पट्टे : दोन घोट्यांना, दोन मनगटांना. गुडघ्याचा पट्टा पळताना खाली सरकतो, तो रद्द. हौशी मुलींनी नाव ठेवलं, पहाटपट्टा.

27 नोव्हेंबर

शिवण. ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी सविस्तर.

रेडियमची पट्टी ताणली जात नाही आणि इलॅस्टिक ताणलं जातं. सगळी डोकेदुखी इथून सुरू. पट्टी सलग शिवली की इलॅस्टिक मेलं, पट्टा दोरीसारखा झाला. इलॅस्टिक ताणून त्यावर शिवली की सोडल्यावर चुण्या पडतात आणि चुणीत मणी झाकले जातात. मंगळवारभर यातच गेला. शेवटी असं केलं : 40 मिलिमीटरच्या इलॅस्टिकवर पट्टीचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे, मध्ये एक सेंटिमीटर मोकळं. तुकडा सपाट राहतो, ताण मधल्या जागेत जातो. चौफेर तुकडे आल्यामुळे पट्टा पायावर फिरला तरी कुठून ना कुठून चमक मिळते.

टीप कडेपासून दोन मिलिमीटर आत. टाका तीन मिलिमीटरचा. बारीक टाका घातला की सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि पट्टी तिथूनच फाटते, पोस्टाच्या तिकिटासारखी. सुई 14 नंबरची पुरते. मणी सुईची धार खातात, म्हणून दर काही पट्ट्यांनंतर सुई बदलायची, कंजूषपणा करायचा नाही. रीळ पॉलिस्टरचं. सुती दोरा घामाने कुजतो.

वेल्क्रोची काटेरी बाजू बाहेर तोंड करून राहिली की लेगिंग्जचे धागे ओढते. मऊ बाजू लांब ठेवली आणि काटेरी फक्त तीन सेंटिमीटर, म्हणजे बंद केल्यावर ती पूर्ण झाकली जाते. टोकाला अर्ध्या इंचाची मोकळी जीभ ठेवली, थंडीत बोटं आखडली तरी ओढून काढता यावी म्हणून.

पट्टीवर खडूने खुणा करायच्या नाहीत, उलट्या बाजूला करायच्या. मळकट हात लावायचे नाहीत. आणि इस्त्री अजिबात नाही. हे तीनदा सांगूनही एकीने सवयीने फिरवलीच. पट्टी तपकिरी झाली. ती आता फळ्यावर लावून ठेवली आहे.

3 डिसेंबर

सगळ्यांना एका मापाचा पट्टा चालत नाही हे लक्षात आलं. मुलींच्या घोट्याला सैल, काही पोरांना आवळतो. दोन मापं केली.

8 डिसेंबर

अकॅडमीच्या सरांकडे गेले. माणूस चांगला, सैन्यातून आलेला, शिस्तीचा. पण पोरांना पळवतात डाव्या बाजूने, वाहनांकडे पाठ करून. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे डावीकडून चालायचा नियम आहे. मी म्हटलं, सर, तो वाहनांचा. पायी माणसाला फुटपाथ नसेल तर उजवीकडून, समोरच्या गाडीच्या तोंडावर. तिचा दिवा दिसतो, ती वाकडीतिकडी आली तर उडी मारता येते. पाठीमागून आलेल्या गाडीबद्दल फक्त आवाज कळतो, आणि कानात इअरफोन असला तर तोही नाही.

सर म्हणाले, "मॅडम, ट्रॅक्टरचा आवाज गावाला ऐकू येतो." ट्रॅक्टरचा येतो. इलेक्ट्रिक स्कूटरचा येत नाही, आणि त्या आता खेडोपाडी झाल्या आहेत.

मग त्यांनी फौजासिंग यांचं नाव काढलं. शंभरी ओलांडून मॅरेथॉन पळालेले फौजासिंग जुलै 2025 मध्ये जालंधरजवळ आपल्या गावालगत रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेत गेले, तेही दिवसा. "तिथे तुमचं रेडियम काय करणार होतं?" काहीच नाही, हे मी मान्य केलं. पट्टा ड्रायव्हरला वेळ देतो. ती वेळ वापरायची की नाही हे त्याच्या हातात. म्हणून तर बाजू आधी बदला, पट्टे नंतर घाला, असं मी म्हणते आहे.

उजव्या बाजूवर तडजोड झाली. आंधळ्या वळणावर मात्र वळणाच्या बाहेरच्या कडेला जायचं, जिथून लांबवर दिसतं. हे त्यांनीच सुचवलं, आणि बरोबर सुचवलं.

एक नियम मी हट्टाने घालून घेतला. दोन गाड्या समोरासमोरून एकमेकींना ओलांडत असतील तर डांबर सोडून साइडपट्टीवर उतरायचं आणि थांबायचं. समोरच्या दिव्याने ड्रायव्हरचे डोळे दिपलेले असतात. त्या दोन-तीन सेकंदांत अंगावर कितीही रेडियम असो, तो माणूस त्याच्यासाठी नसतोच.

14 डिसेंबर

आज भरतीच्या मुलींशी बोलणं झालं आणि प्रकल्पाची एक बाजू आम्ही पाहिलीच नव्हती असं दिसलं.

मुलांचे पट्टे बघून त्या गप्प होत्या. एक जण नंतर हळूच म्हणाली, "मॅडम, हे घातलं की लांबूनच कळणार, इकडे पोरी पळतायत." दुसरी म्हणाली, मागच्या हिवाळ्यात एक मोटरसायकल रोज त्याच वेळी मागे यायची, म्हणून त्यांनी मुद्दाम काळे कपडे घालायला सुरुवात केली. तिसरीच्या घरच्यांनी त्या गोष्टीनंतर पहाटेचा सराव बंद केला.

अंधार त्यांना लपायला लागतो. ड्रायव्हरला दिसावं आणि त्या मोटरसायकलला दिसू नये, असं रेडियम कुठल्याच आळीत मिळत नाही. दिव्याला माणूस ओळखता येत नाही.

संध्याकाळी उशिरापर्यंत यावरच बसलो. जे ठरलं ते त्या मुलींनी ठरवलं, मी फक्त लिहून घेतलं. पट्टे मुलांनाही तेच, त्याच रंगाचे, त्याच जाडीचे. म्हणजे लांबून फक्त "पळणारी माणसं" दिसतील, मुली की मुलं ते कळणार नाही. माझ्याकडे गुलाबी इलॅस्टिकचं एक रीळ फुकट पडून होतं, ते बाद. मुलींची तुकडी मुलांच्या तुकडीच्या पुढे, हाकेच्या अंतरावर. कुणीही एकटी मागे राहणार नाही, दमली तर तुकडी थांबेल. गळ्यात शिटी. 112 नंबर मोबाइलमध्ये नुसता साठवायचा नाही, एकदा वर्गात लावून कसं बोलायचं, जागेची खूण कशी सांगायची याचा सराव करायचा (नंबर न लावता, तोंडी). आणि पट्टा एका ओढीत निघाला पाहिजे. ती मोकळी जीभ आम्ही थंडीसाठी ठेवली होती, तिचा खरा उपयोग हा निघाला. काढून खिशात कोंबला की परत अंधार.

त्या मोटरसायकलबद्दल पोलीस पाटलांशी बोलायला दोघींच्या आया तयार झाल्या. मी बरोबर जाणार आहे.

23 डिसेंबर

धुलाई चाचणी. एकाच वेळी शिवलेले पट्टे तीन ठिकाणी वाटले होते : एक जण हाताने साबण लावून धुतो, एक जण मशीनमध्ये, एक जण धोपटणं घेऊन दगडावर. दगडावरचे पट्टे पांढरट पडले, टॉर्चखाली निम्मीच चमक. मण्यांचा थर झिजला. मशीनचे ठीक. हाताचे सगळ्यात उत्तम. सूचना अशी : पाण्यात बुडवायचे, बोटांनी चोळायचे, ब्रश नाही, सावलीत वाळवायचे. तरी दगडावर आपटणारे आपटणारच, त्यामुळे हंगामाच्या मध्यावर टॉर्चने तपासून बदलायची सोय ठेवावी लागेल.

ओलं झाल्यावर चमक कमी होते. दवाने फारशी नाही, पण पाण्याखाली धरून पाहिलं तेव्हा स्पष्ट घट होती. पावसाळ्यात हाच पट्टा पुरेल असं गृहीत धरू नये.

6 जानेवारी

वाटप झालं. रस्ता सुरक्षा अभियान सुरू आहे म्हणून फोटो, हार, भाषणं. ते सोडून कामाचं तेवढं लिहिते.

पोरांचा पट्ट्यावर विश्वास नव्हता. घालून स्वतःच्या पायाकडे बघितलं की करडी पट्टी दिसते, चमकत काहीच नाही. उलट रस्त्यावरून येणारा हेडलाइट त्यांना किलोमीटरभरावरून दिसतो. मग वाटतं, मला तो दिसतोय म्हणजे त्यालाही मी दिसत असणार. पायी माणसाची ही जुनी फसगत आहे. भाषणाने ती जात नाही. एकेकाला चारचाकीत बसवलं आणि बाकीच्यांना पळवलं. खाली उतरून आलेल्याने परत पट्ट्याबद्दल काही विचारलं नाही.

एका ऊस वाहतूकदाराच्या ट्रकमध्येही बसून बघितलं. केबिनमधून चमक मोटरसायकलपेक्षा कमी वाटली. कारण साधं आहे : रेडियम प्रकाश दिव्याकडे परत पाठवतं, आणि ट्रकवाल्याचे डोळे दिव्यापासून बरेच वर असतात. जवळ आल्यावर हा फरक वाढतो. तरी पायांची हालचाल कळत होती. ट्रकवाले नाना म्हणाले, "पाय पळताना दिसले की आपोआप पाय आवरतो बघा." वहीत हे वाक्य मुलींनी अधोरेखित केलं आहे.

दिवे : रांगेतल्या शेवटच्या पोराच्या कमरेला मागे सायकलचा लाल दिवा, न लुकलुकणारा. लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण किती लांब आहे याचा अंदाज चुकवतो. सगळ्यात पुढच्याला डोक्यावरचा टॉर्च, झोत खाली, समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत नाही. टॉर्चचा दुसरा उपयोग : घोणस. रात्री गरम डांबरावर येऊन पडते आणि माणूस जवळ आला तरी हलत नाही.

18 जानेवारी

निरा डाव्या कालव्याच्या भरावावरचा रस्ता बघून आलो. मातीचा, सपाट, ट्रॉल्या नाहीत, गुडघ्यांना डांबरापेक्षा बरा. वाहनांचा विचार केला तर हाच उत्तम, आणि मुलांनी आठवड्यातले तीन दिवस तिथे हलवलेही. मुलींनी नकार दिला. एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस, वस्ती लांब. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्यासाठी शाळेचं मैदान पाचला उघडून मिळावं असा अर्ज दिला आहे. मैदान मिळालं तर पट्ट्याची गरजच अर्धी होईल, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटणार नाही.

27 जानेवारी

हिशेब. चार पट्ट्यांचा एक संच, शिलाई धरून 70 रुपयांच्या आत बसतो. इलॅस्टिक रेडियमपेक्षा महाग पडलं, हे आधी वाटलं नव्हतं. अकॅडमीने नवीन टी-शर्टची ऑर्डर देताना काळा रंग सोडून फिकट राखाडी घेतला, आणि अक्षरं रेडियमची. आम्ही न मागता. छपाईवाल्याला टॉर्चची परीक्षा पोरांनीच द्यायला लावली म्हणे.

ट्रॉल्यांना रेडियम लावायचा प्रस्ताव प्राचार्यांनी मांडला. ट्रॉलीला पट्टी असतेच. भरल्यावर मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या हिरव्या शेंड्यांनी) ती झाकली जाते. उसावरून सोडायचा कापडी रिफ्लेक्टर लागतो, आणि तो कारखान्याने द्यावा. आमच्या मशीनवर तेवढं जाड कापड चालणार नाही. नको म्हटलं.

9 फेब्रुवारी

शाळेच्या मैदानाला परवानगी मिळाली, आठवड्यातून चार दिवस. चावी मुलींकडे.

आज ऊसतोडीच्या तळावरून दोन गाडीवान आले. पोरांच्या पायातले पट्टे त्यांनी पाहिले होते. पहाटे टायरगाड्या भरून कारखान्याला निघतात, मागून ट्रक. बैलांच्या पायांना असं काही शिवून मिळेल का, असं विचारत होते. फिनलंडमध्ये आज पायी माणसं कोटाला लटकवतात ती रिफ्लेक्टरची चकती मुळात घोडागाड्यांसाठी निघाली होती, हे मुलींना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं.

इलॅस्टिक चालणार नाही, बैलाच्या पायाला ते काचेल. नायलॉनची पट्टी, आत जुन्या चादरीचं अस्तर, आणि वेल्क्रोऐवजी सरकतं बक्कल, कारण चिखलाने वेल्क्रो भरून जाईल. 50 मिलिमीटरचं रेडियम शिल्लक आहेच. मागच्या दोन पायांनाच लावायचं, पुढचे गाडीमागून दिसत नाहीत. खरं तर मागचे तरी उसाच्या भाऱ्याआडून किती दिसतात तेही बघावं लागेल. उद्या दुपारी गाड्या रिकाम्या परत आल्या की माप घ्यायला जायचं. शेळक्यांच्या मळ्याशेजारचा तळ. टेप, वही, आणि बैलाला हात लावायला न घाबरणारी एक मुलगी.